काढून टाकू का?

हे अजून कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. घरात नाही, माहेरी नाही. देवळात हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा हे मनात येऊ देत नाही — पटकन दुसरंच काहीतरी मागून घेते. नातीचा खोकला जाऊ दे. काजूला मोहोर नीट धरू दे. असलं काहीतरी.

तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. रस्त्यात भेटलात तरी मी मान खाली घालून बाजूने निघून जाईन. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून पाहुणे आले की मी चहा ठेवून आत वळते. आमच्या वाडीत कुणालाही विचारा — ती? तिच्या तोंडातून शब्द फुटत नाही, ती कुणाचं काय वाईट करणार?

मलाही तसंच वाटायचं. खरंच. जे माणूस बोलतच नाही, ते खोटं कधी बोलणार?

सांगते. पण आधी आमच्या घरातलं काम सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं उमगणार नाही.

माझी सून दीपाली संगणकावर काम करते. ऑफिस पुण्याला, काम आमच्या पडवीतून. मालवणहून आत, काजूच्या बागांमध्ये आमची वाडी. खांबावरून नेटची तार आली त्या वर्षी तिने पडवीच्या कोपऱ्यातल्या काजूच्या गोणी मागे हलवल्या आणि तिथे टेबल मांडलं. मुलगा तारकर्लीला पर्यटकांच्या होडीवर असतो, तो संध्याकाळीच परततो. माझे यजमान बागेत. घरात दिवसभर आम्ही दोघी आणि दीपालीची छोटी, ओवी.

ते काम काय असतं ते कळायला मला वेळ लागला. दीपालीने सोपं करून सांगितलं. लोकांच्या लांब कुठेतरी मशिनी असतात, त्यांना सर्व्हर म्हणतात. म्हणजे मोठी कपाटंच समजायची, लोकांनी आपापल्या वस्तू ठेवलेली. इथे बसून ती उघडता येतात, झाडता येतात, एका कपाटातलं दुसऱ्यात हलवता येतं. त्यासाठी हुकूम ओळीने लिहून ठेवलेले असतात — आधी हे कर, मग ते. त्याला स्क्रिप्ट म्हणायचं. पूर्वी दीपाली ती एकेक स्वतः चालवायची. मग ऑफिसने एक एआय एजंट घेऊन दिला. एजंट म्हटलं की मला विम्याचा आठवतो. हा तसा नव्हता. हा संगणकाच्या आत असतो. मराठीत लिहिलं तरी त्याला समजतं. तो स्वतःच त्या लांबच्या कपाटांत जातो, स्क्रिप्ट चालवतो, काय झालं ते येऊन सांगतो, आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी विचारतो. हे करू का? होय की नाही?

होय म्हणायला माणूस समोर हवं, असा ऑफिसचा नियम. कधी तो लागोपाठ विचारायचा, कधी बराच वेळ गप्प. पण उठून गेलं की काम तिथेच अडायचं. आणि घरात लहान मूल — ते कधी रडेल, कधी पडेल, त्याला का नियम असतो?

म्हणून एक दिवस दीपालीने मला त्या खुर्चीत बसवलं. मी नको नको म्हणत होते. ती हसून म्हणाली,

“आई, काय कठीण नाय. तो गाऱ्हाणा घालतलो, तुमी फकत व्हय म्हाराजा म्हणाचा.”

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगते. आमच्याकडे कुठलंही काम काढायचं असलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण पुढे उभा राहून देवाला सांगतो — लेकरांनी आज अमुक काम हाती घेतलंय, त्यात काही वाकडं येऊ देऊ नको. त्याचं एकेक वाक्य संपलं की मागे उभे असलेले सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा. आम्ही बायका सगळ्यांत मागे. मी लहानपणापासून म्हणत आले आहे. तो पुढचा काय बोलला ते प्रत्येक वेळी ऐकलेलं असतंच असं नाही. सूर खाली आला की तोंडातून आपोआप निघतं. मधेच त्याला थांबवून कुणी म्हणतं का, की थांब रे, हे काय मागितलंस?

दीपालीचा तो विनोद होता. मला मात्र त्याने धीर आला. हे मला येतं, असं वाटलं.

तिने एजंटला प्रश्न मराठीतून विचारायला लावले, मोठ्या अक्षरांत. माझ्यासाठी. माझी चौथी झाली आहे, सावकाश वाचलं तर सगळं वाचता येतं. हे मुद्दाम लिहिते. इंग्रजीत होतं म्हणून कळलं नाही, असं मला म्हणता येणार नाही.

आणि तिने बजावलं होतं. एकदा नाही, बसवायची त्या दर वेळी.

“काढून टाकू काय, असा इचारल्यान तर हात लावू नकात हां आई. माका फोन करा.”

तेही मला म्हणता येणार नाही, की सांगितलं नव्हतं.

मला ते काम आवडायला लागलं होतं. हे कबूल करायला लाज वाटते, पण आवडलं होतं. त्या खुर्चीत बसून कुणाशी बोलावं लागत नाही. समोर शब्द येतात, आपण वाचायचं, बोटाने होय दाबायचं, आणि कुठेतरी लांब, मी कधी बघणारही नाही अशा गावात, एखादं कपाट झाडून स्वच्छ होतं. शेजारच्या काकी कुंपणावरून विचारायच्या, “काय गो, आज खंयचो सर्व्हर झाडलंस?” सगळ्या हसायच्या. मी पदर तोंडाला लावायचे. पण आतून बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी होते.

आता रोझलीन.

रोझलीन मालवणात राहते. राहायची. आई आणि ती, दोघीच. वडील ती कॉलेजात असताना गेले. कुडाळला संगणकाच्या क्लासला दीपाली आणि ती एका बाकावर होत्या, तेव्हापासूनच्या मैत्रिणी. हे पुण्याचं काम दोघींनी मिळून धरलं होतं. सकाळ दीपालीची, दुपार रोझलीनची. ऑफिसने दोघींना मिळून एकच जोडणी दिलेली, एकाच नावाची. त्यामुळे दोघींच्या स्क्रीनवर एकच दिसायचं, आणि कुणीही होय दाबलं तरी तिकडे नुसतं ‘मंजुरी मिळाली’ एवढंच उमटायचं. कुणाच्या बोटाने मिळाली, ते नाही.

आमच्या घरी ती मागच्या दाराने यायची. सरळ चुलीपाशी. मला बोलतं करणारी तीच. मी खुर्चीत बसते हे कळल्यापासून माझं नाव तिने सर्व्हरवाली मावशी ठेवलं होतं. “मावशे, आज तुमचो म्हाराजा काय म्हणता?” म्हणून विचारायची, आणि मी उत्तर देईपर्यंत समोर बसून राहायची. माझं उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ थांबणारी माणसं फार नसतात. ती थांबायची.

इंग्लंडला, गल्फला गेलेल्या तिच्या चुलत बहिणी तिला बोलवत होत्या. ती जात नव्हती. आईला दम्याचा त्रास. घरबसल्या हे काम मिळालं म्हणून ती आईजवळ राहू शकत होती. हे मला माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं, माझ्या चुलीपाशी बसून.

त्या दिवशी ओवीला ताप होता. दीपाली सकाळी तिला घेऊन डॉक्टरकडे गेली, मुलगा होडीवर न जाता त्यांना घेऊन गेला. मी खुर्चीत. जाताना दीपालीने परत तेच बजावलं. मी मान हलवली.

कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या फोटोवाल्यांचं कपाट होतं. लोकांच्या लग्नांचे, बारशांचे फोटो जपून ठेवणारे. जुन्या मशिनीतून नव्यात हलवायचं काम चाललेलं. एजंट विचारत होता, मी होय म्हणत होते. अमुक स्क्रिप्ट चालवू का? होय. मशीन बंद करून परत सुरू करू का? होय. तपासून बघू का? होय. सगळं नेहमीसारखं.

मग हे आलं —

‘जागा भरली आहे. “जुने” या फोल्डरमधलं सगळं काढून टाकू का? काढल्यावर ते परत आणता येणार नाही.’

मी वाचलं. सावकाश, शेवटपर्यंत. ‘काढून टाकू का’ हेही वाचलं. ‘परत आणता येणार नाही’ हेही. माझा हात मांडीवर होता. फोन शेजारीच पडलेला. मी फोन उचललासुद्धा. दीपालीचं नाव काढलं. मग वाटलं, ती डॉक्टरसमोर असेल, पोर मांडीवर असेल, फोन वाजला की सगळे बघतील — थोडं थांबू. फोन परत ठेवला. इथपर्यंत माझं काहीच चुकलेलं नव्हतं. थांबले असते तर आज मला काही लिहावं लागलं नसतं.

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला. रोझलीन आली होती, तिच्या वेळेच्या आधी. दीपालीचं पोर आजारी आहे हे कळून लवकर बसली असणार. तशीच ती.

आणि मला — कसं सांगू — मला लाज वाटली.

तिच्या स्क्रीनवर तो प्रश्न आता दिसणार. अडकलेला. तिला कळणार की मावशी अडली, मावशीला कळलं नाही काय करायचं. ती फोन करेल, हसेल, प्रेमानेच हसेल. पण मी जी सर्व्हरवाली झाले होते, ती परत चौथी शिकलेली, पाहुणे आले की आत पळणारी बाई होईन. एवढंच होतं. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडत नाही.

मी होय दाबलं. तिने वाचायच्या आत.

प्रश्न गेला. पुढचा आला, तो साधा होता, त्याला बहुतेक तिने होय म्हटलं. त्याच्या पुढचेही तिनेच. मी उठले आणि तांदूळ धुवायला घेतले.

दीपाली घरात पाय ठेवते न ठेवते तोच पुण्याहून फोन आला. ओवी तिच्या खांद्यावर झोपलेली. ती उभ्या उभ्या ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत होता. ‘जुने’ म्हणजे टाकाऊ नव्हतं. हलवण्यासाठी सगळंच आधी त्या फोल्डरमध्ये गोळा केलेलं होतं, आणि नव्या जागी अजून काही पोचलं नव्हतं. दुसरी प्रत कुठे नव्हती. लोकांची लग्नं, बारशी, सगळं पुसलं गेलं.

तिने फोन ठेवला. माझ्याकडे वळली. ओरडली नाही, ती कधीच ओरडत नाही.

“आई, तेना काय काढून टाकाक इचारल्यान?”

“नाय गो,” मी म्हटलं. “तसा काय इचारूक नाय.”

मी हे वाक्य परत परत आठवते. ज्या बाईला दुकानात मीठ मागताना दोनदा घसा साफ करावा लागतो, त्या बाईने हे न अडखळता म्हटलं. आवाज कापला नाही. हातातलं भांडंसुद्धा हललं नाही. मी बोलत होते आणि आतून ऐकत होते — हे कोण बोलतंय? हे माझ्यात कुठे होतं इतकी वर्षं? मला वाटायचं, खोटं बोलायला शिकावं लागतं. नाही हो. ते तयारच असतं. नुसतं तोंड उघडायचं.

दीपालीने विश्वास ठेवला. तिने माझं खोटं कधी ऐकलेलंच नव्हतं, ती कशाला शंका घेईल? ‘मंजुरी मिळाली’ असं तिकडे उमटलेलं होतंच. एजंटने विचारलं होतं, कुणीतरी होय म्हटलं होतं. सासू नाही म्हणते. मग राहिलं कोण?

तिने ऑफिसला तसं सांगितलं. वाईट वाटून सांगितलं, डोळे पुसत सांगितलं, पण सांगितलं. आमच्या बाजूने काही झालं नाही.

माझ्या लग्नाचा एकच फोटो आहे. काळा-पांढरा, कोपरा वाळवीने खाल्लेला. त्यात माझे वडील आहेत, अर्धे, कुणाच्यातरी खांद्याआड. त्यांचा दुसरा फोटो नाही. त्या आठवड्यात तो मी काढून पाहिला आणि परत पेटीत ठेवला. त्या लांबच्या राज्यात किती जणींचे वडील मी पुसले असतील? असं मनात आलं आणि मी ते ढकलून दिलं. ती माणसं मला दिसत नव्हती. न दिसणाऱ्या माणसाचं दुःख ढकलता येतं. रोझलीन मात्र दिसत होती. ती दोन दिवसांनी आली.

त्या दिवशी ती पुढच्या दाराने आली.

दीपाली आणि ती पडवीत बोलत होत्या. मी आत चहा करत होते आणि सगळं ऐकू येत होतं. रोझलीन सांगत होती की तिने तो प्रश्न पाहिलाच नाही. दीपाली म्हणत होती, मग कोण? रोझलीन म्हणाली, आपण दोघींनी मिळून सांगू, चूक जोडणीची आहे, एकच नाव दोघींना का देतात? दीपाली म्हणाली, मी केलंच नाही तर मी का सांगू? आवाज चढत होते. मग रोझलीन दारात उभी होती. माझ्यासमोर.

“मावशे,” ती म्हणाली, “तुमी थंयच होतात मा? ऑफिसात मी तुमचा नाव घेऊक नाय. घेवचंयव नाय. फकत माका खरा काय ता सांगा. मी जोडूच्या आधी तेना काय इचारल्यान?”

ऐकलंत? तिने माझं नाव घेतलं नव्हतं. नेमलेल्या माणसाऐवजी खुर्चीत मी बसत होते हे ऑफिसला कळलं असतं तर दीपालीचं काम तिथल्या तिथे गेलं असतं, आणि रोझलीन सुटली असती. हे तिला ठाऊक होतं. तरी ती गप्प राहिली आणि माझ्याकडे आली. मला विचारायला. आणि नेहमीसारखी माझ्या उत्तरासाठी थांबली.

मागे दीपाली म्हणाली, “आई खोटा बोलतली काय?”

“तसा मी म्हणणंय नाय गो,” रोझलीन म्हणाली. नजर माझ्यावरच.

चहा उतू जात होता. मी गॅस बारीक केला. आठवतं मला, मी आधी गॅस बारीक केला.

“मी काय दाबूक नाय, बाय,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “बरा.” तिने चहा घेतला. पूर्ण प्याली. कप नेहमीसारखा स्वतःच विसळून ठेवला. पुढच्या दाराने गेली.

त्या महिन्याच्या शेवटी ऑफिसने तिला कमी केलं. कारण लिहून दिलं, त्यामुळे तसलं दुसरं काम तिला कुणी देईना. ती गोव्याला एका हॉटेलात लागली, पाहुण्यांची नोंद करायला. आईला घेऊन जायचं म्हणाली होती, पण तिथली खोली तीन मुलींत मिळून, आईला कुठे ठेवणार? आई इथेच राहिली. शेजारची एक बाई सकाळ-संध्याकाळ डोकावते.

आमच्याकडे काय झालं? तेही लिहिते, ते लपवलं तर बाकीचं लिहून काय उपयोग. रोझलीनच्या वाटणीचं काम दीपालीकडे आलं. दुपारसुद्धा तिचीच झाली. म्हणजे मला आता जास्त बसावं लागतं. माझी पाठ दुखते म्हणून तिने चांगली खुर्ची आणली, मागे उशी असलेली. पंखा वळवून माझ्या बाजूला केला. माहेरी फोनवर सांगते, आमच्या आई आहेत म्हणून मी काम करू शकते. सुरुवातीला ती रडायची, मैत्रीण अशी कशी निघाली म्हणून. मला विचारायची, आई, ती माझ्याशी असं का वागली असेल? मी तिच्या केसांना तेल लावत होते. मी म्हटलं, माणसाचं सांगता येत नाही गो.

हे मी म्हटलं. ह्याच तोंडाने.

पण अजून मी शेवटचं सांगितलेलं नाही. वर जे लिहिलं ते मला सांगता आलं असतं कदाचित, कधीतरी, कुणालातरी. घाबरले होते, लाजले होते, लोक समजून घेतात. जे खरोखर कुणाला सांगता येणार नाही ते गेल्या मे महिन्यात झालं.

मी मालवणच्या बाजारात गेले होते. दीपालीला सुकी मासळी हवी होती पावसाळ्याची. बाजारात मी बोलत नाही, बोट दाखवते, पिशवी पुढे करते. सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, घेतली, बांगडे बघत होते, आणि मागून हाक आली.

“मावशे.”

रोझलीन. बारीक झाली होती. केस कापलेले. आईला बरं नाही म्हणून दोन दिवसांची रजा काढून आलेली. पळावं असं वाटलं. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, पूर्वी घ्यायची तशी, आणि मला बाजूला सावलीत नेलं. माझी खात्री झाली, हिला कळलंय. आता ही विचारणार. आणि ह्या वेळी — शपथेवर सांगते — ह्या वेळी मी खरं बोलले असते. तोंडाशी आलेलं होतं.

पण तिनेच बोलायला सुरुवात केली.

“मावशे, मी लय इचार केलंय. माका वाटता, माझोच हात लागलो असतलो. मी जोडल्याबरोबर दोन-तीन व्हय लागोपाठ दाबलंय, न वाचताच. त्यातच ता गेला असतला. दुसरा काय असतला?” तिने डोळे पुसले, आणि थोडं हसलीसुद्धा. “मी तुमच्या दारात येवन तुमका तसा इचारलंय. तुमका. माका आता लाज वाटता त्येची. नको ता बोललंय, माफ करा.”

तुम्हाला कळतंय का काय झालं होतं? मी खोटं बोलले, तोवर खरं निदान दोन ठिकाणी होतं. एक माझ्यापाशी, एक तिच्यापाशी. तिला पक्कं माहीत होतं की तिने दाबलं नाही. त्या माहितीवर ती उभी होती. आणि आता ती माहितीही उरली नव्हती. गोव्यातल्या त्या तिघींच्या खोलीत पडून, स्वतःला विचारून विचारून, तिने ती स्वतःच काढून टाकली होती. कारण मावशी खोटं बोलत नाही. हे तिने पक्कं धरलं होतं, आणि त्याच्याशी जुळत नव्हतं ते सगळं सोडून दिलं होतं.

ती थांबली होती. माझं उत्तर यायला वेळ लागतो हे तिला माहीत आहे.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“जावंदे गो,” मी म्हटलं. “झाला ता झाला. मनात धरू नको.”

मी तिला माफ केलं.

तिचा चेहरा सुटला. ओझं उतरल्यासारखा. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला, दीपालीला सांगा म्हणाली, मी फोन करीन म्हणाली. बांगडेवाल्या बाईशी घासाघीस करून तिनेच मला चांगले बांगडे काढून दिले. मग आईचं औषध घ्यायला गेली.

मी स्टँडवर आले. एसटी लागलेली होती. खिडकीजवळ जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेतली. गाडी सुटली, वारा यायला लागला, आणि माझ्या ध्यानात आलं की माझ्या छातीत काहीतरी सैल झालंय. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

मला बरं वाटत होतं.